वाढत्या कण्याच्या अभ्यासाकडे

मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ पाहा. एका बाजूच्या फासळ्या दुसरीपेक्षा वर आलेल्या दिसल्या, तर कणा बाजूला झुकला आहे आणि स्वतःभोवती पिळलाही आहे. लंडनच्या विल्यम ॲडम्स यांनी 1865 मध्ये वर्णन केलेली ही तपासणी. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी ती स्वतःच्या डोळ्यांनी करून पाहावी, एक्स-रेवरचे अंश नंतर.

वक्रता 10 अंशांची झाली की तिला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात बहुतेकींच्या बाबतीत कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. मुलीला नीट बसवले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईला तेवढ्याने फार हायसे वाटते.

व्यायाम की ब्रेस, हा वाद जुना आहे. ड्रेस्डेनमध्ये 1894 साली जन्मलेल्या काटारिना श्रोट यांचा स्वतःचा कणा वाकडा होता आणि पोलादी ब्रेस त्यांनी अंगावर सोसला होता. पोचा आलेला रबरी चेंडू पाहून त्यांना सुचले की छातीची दबलेली बाजूही आतून श्वासाने भरता येईल. आरशासमोर उभे राहून, धड लांबवून, नेमक्या त्याच फासळ्यांत श्वास न्यायचा. 1921 पासून त्या माइसेनमध्ये हे शिकवू लागल्या. रुग्णाच्या हाती तिच्या शरीराची सूत्रे देणारी ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

पण मोल वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिका-कॅनडातील 2013 च्या चाचणीत 20 ते 40 अंशांच्या मुलामुलींपैकी ब्रेस घातलेल्या 72 टक्क्यांची वक्रता वाढ थांबेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिली. नुसत्या देखरेखीखाली 48 टक्क्यांची. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारा सेन्सर होता. सांगितले होते दिवसाला किमान 18 तास. पहिल्या सहा महिन्यांत ब्रेस अंगावर राहिला सरासरी 12 च्या आसपास. जवळपास 13 तास किंवा त्याहून अधिक घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या वर गेले.

स्वीडनमधील एका चाचणीत तर दोन्ही उपाय समोरासमोर आले. 25 ते 40 अंशांच्या मुलांच्या सर्वच गटांत रोज तासभर शारीरिक हालचाल होती. तिच्या जोडीला रात्रीचा ब्रेस घेणाऱ्यांत 76 टक्के यश, नुसत्या हालचालीने 53. खास व्यायामांनी त्यात लक्षणीय भर पडली नाही. मात्र इटलीतील 2014 च्या चाचणीत, 25 अंशांपर्यंतच्या सौम्य वक्रतेत, स्वतः कणा सावरण्याच्या व्यायामांनी सरासरी पाचेक अंश कमी झाले. म्हणजे दोन्ही पक्ष बऱ्याचदा वेगवेगळ्या रुग्णांविषयी बोलत असतात. मध्यम वक्रता आणि बरीच वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस टाळून केवळ व्यायामावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून केसपेपरवर अंशांच्या शेजारी दोन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या: पाळी कधी सुरू झाली आणि गेल्या वर्षात उंची किती वाढली. ब्रेस दिल्यानंतरच्या भेटीत तो काढून आतल्या बनियनच्या चुण्या पाहा, कातडीवरचे लाल वळ पाहा. कुठे टोचतो ते तिलाच बोट ठेवून दाखवू द्या. तास किती झाले, ते त्यानंतर विचारा.