केंद्र नसलेले जाळे आणि प्रताधिकार : नॅपस्टर ते ग्रोक्स्टर (१९९९-२००५)

प्रास्ताविक

प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, इतिहास हा बहुतांशी नक्कल कोठे तयार होते याचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या कारकिर्दीतील १७१० च्या कायद्याने नव्या ग्रंथावर लेखकाला १४ वर्षांचा हक्क दिला. तो बजावता आला, कारण छापखाने मोजके होते आणि मुद्रकाच्या दारापर्यंत जाता येत होते. संगणकाच्या जाळ्याने हे दार नाहीसे केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. हे दार काढून टाकण्याचे मोठे कारण खुद्द खटल्यांनीच पुरविले.

सूची आणि तिचा मालक

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अवघ्या १८ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने नॅपस्टर सुरू केले. गाणी वापरकर्त्यांच्याच संगणकांवर असत. नॅपस्टरच्या सर्व्हरवर होती ती फक्त कोणाकडे कोणते गाणे आहे याची सूची. डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला. पुढील वर्षी मेटॅलिका या वाद्यवृंदाने तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची नावे नॅपस्टरकडे सादर केली. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने नॅपस्टरविरुद्ध कौल दिला. सूची हाती आहे, म्हणजे गैरवापराची जाणीवही आहे आणि तो रोखण्याचे सामर्थ्यही आहे, असा त्यामागील तर्क होता. जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली.

पुढील रचनाकारांनी यातून घेतलेला धडा सरळ होता : सूचीच ठेवू नये. दावा सुरू असतानाच मार्च २००० मध्ये आलेल्या ग्नुटेला प्रणालीत शोधाची विनंती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात असे व मध्यवर्ती सर्व्हर नव्हता. ग्रोक्स्टर आणि मॉर्फिअस यांनी अशाच धर्तीच्या प्रणाली वापरल्या. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले. त्यांचा आधार होता १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डरसंबंधीचा निकाल : ज्या यंत्राचे लक्षणीय वैध उपयोग आहेत, त्याच्या विक्रेत्यास केवळ विक्रीमुळे दोषी धरता येत नाही. तो निकालही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताचा होता.

२७ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाजू उलटवली. यंत्र बाजूला ठेवून न्यायालयाने हेतू तपासला. नॅपस्टरच्या जुन्या ग्राहकांना ओढण्याचे प्रयत्न, नकला गाळण्याची कोणतीही सोय न करणे आणि वापर वाढेल तसे वाढणारे जाहिरातीचे उत्पन्न यांतून उत्तेजन सिद्ध झाले. प्रस्तुत लेखिकेस हा निकाल न्याय्य, तथापि अपुरा वाटतो. जो रचनाकार हेतूविषयी मौन पाळील, त्याला तो स्पर्श करीत नाही.

दोन्ही टोकांची माणसे

मधला दुवा सापडेना तेव्हा कायदा घराघरांत शिरला. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाने २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत १२ वर्षांची एक मुलगी होती आणि तिचे प्रकरण २,००० डॉलरवर मिटले. दुसऱ्या टोकाला कलावंतही एकमुखी नव्हते. ग्रोक्स्टर खटल्यात संगीतकारांच्या एका गटाने ग्रोक्स्टरच्या बाजूने निवेदन दिले होते, ही बाब सहसा गाळली जाते. मोठ्या कंपनीचा आधार नसलेल्यांना हे जाळे श्रोत्यांपर्यंत जाण्याचा मार्ग वाटत होते.

भारतीय संदर्भ

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, लेखी तक्रार आल्यावर साठवण करणाऱ्याने ती कृती २१ दिवस रोखून धरावयाची असते. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश न आणल्यास ती पुन्हा खुली करता येते. ही तरतूद साठवण करणारा कोणी एक आहे असे गृहीत धरते. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वारंवार नाव बदलणारी संकेतस्थळे रोखण्याचा लवचीक आदेश दिला. तेथे वादी चित्रपट-निर्मितीतील मोठी कंपनी होती. मराठीत एखादे पुस्तक स्वखर्चाने काढणाऱ्या लेखकास मात्र प्रथम तक्रार कोणाच्या नावे लिहावी हेच ठरवावे लागते, आणि त्याचे २१ दिवस त्यानंतर सुरू होतात.