गव्हाविना भरलेले ताट : सोलापूरची ज्वारी आणि ग्लुटेनचा इतिहास

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सचा पश्चिम भाग उपाशी होता. जर्मन ताब्यातील शहरांकडे येणारी रसद बंद पडली होती आणि माणसे ट्युलिपचे कंद उकडून खात होती. त्याच काळात हेग येथील युलियाना बालरुग्णालयात विलेम दिके हे डॉक्टर एक विचित्र गोष्ट पाहत होते. पोट फुगलेली, हातपाय काडीसारखे झालेली, सतत जुलाबांनी बेजार असणारी काही मुले या दुष्काळात चक्क सुधारत होती. युद्ध संपून पाव परत आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडू लागली.

गव्हाविषयीचा दिके यांचा संशय युद्धापूर्वीचाच होता. उपासमारीने तो बळकट केला. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो सप्रमाण मांडला. हा आजार म्हणजे सीलिएक. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी त्याचे नेमके वर्णन केले होते आणि उपाय असलाच तर तो आहारातच सापडेल, असेही म्हटले होते. कोणता आहार, हे मात्र पुढली साठ वर्षे कळले नाही. दोषी ठरले ते गव्हातील, तसेच जव आणि राय या धान्यांतील, ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन.

आता नकाशा सोलापूरवर आणावा. येथील शेतकऱ्याच्या घरात रोजच्या जेवणाला गहू लागतच नव्हता. पोळी सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला. रोजची भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीत ग्लुटेन नसते. 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द महाग पाकिटांवर छापला जाण्याच्या कैक शतके आधीपासून भीमा-सीनेच्या काठची माणसे तसेच जेवत होती. मात्र ते त्यांनी आरोग्यासाठी निवडले नव्हते. ते जमिनीने आणि पावसाने ठरवून दिले होते.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. जूनचा पाऊस येथे बेभरवशाचा; खरा आधार सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. भारी काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी पेरली जाते आणि पुढे पावसाचा थेंबही न पडता फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. माणसाला दाणा आणि जनावराला कडबा, दोन्ही एकाच ताटातून. कडब्याचा हिशेब सोडला तर ज्वारीचा इतिहास अर्धाच कळतो. ज्या वर्षी दाणा भरला नाही त्या वर्षीही कडबा हाती लागत असे, आणि खिलार बैल किंवा पंढरपुरी म्हैस जगली तर घर जगत असे.

या धान्याची जुनी पेढी म्हणजे मंगळवेढा. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि २०१६ मध्ये येथील ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कोठार या शब्दाला येथे अधिक खोल अर्थ आहे. पंधराव्या शतकात बहमनी राज्यात दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, लोक दारात येऊन मरू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले, अशी परंपरा सांगते. बिदरच्या सुलतानाचा कोप झाला आणि साक्षात विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत बिदरला भरली, ही पुढली कथा भक्तीच्या प्रांतातली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या कथेतून वेगळी गोष्ट टिपावी : या मुलखात सत्तेचे माप सोन्याआधी धान्यात मोजले जाई, आणि कोठाराची किल्ली कोणाकडे हा जिवंत राहण्याचा प्रश्न होता.

गावपातळीवर कोठाराचे काम पेव करीत असे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला, आतून कडबा-भुसा लावलेला खड्डा. तो ज्वारीने भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. मग धान्य वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आत लगेच कोणी उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरण्याची भीती असे. एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे आजही म्हटले जाते. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी पेव पाहिले असेल, हा प्रश्नच आहे.

पेवे रिकामी झाली की काय होते, ते १८७६-७८ च्या दुष्काळाने दाखवले. दख्खनमधील इतर जिल्ह्यांप्रमाणे सोलापूरही त्यात होरपळले. दुष्काळी कामांवरील मजुराला किती अन्न पुरे, यावर तेव्हा सरकारी कागदांत वाद झडला. सर रिचर्ड टेंपल यांनी सुचवलेले प्रमाण होते दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. दगड फोडणाऱ्या माणसासाठी! मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भारतात पोषणाचा प्रश्न राजकीय झाला तो प्रथम अशा ठिकाणी.

विसाव्या शतकात सरकारचे लक्ष धान्याच्या वाणाकडे वळले. कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९३३ च्या सुमारास देशात जी मोजकी केंद्रे निघाली, त्यांत सोलापूर होते. ना. वि. कानिटकर यांचे कोरडवाहू शेतीवरील काम याच मातीतले. मोहोळच्या संशोधन केंद्रात त्याच दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने 'एम ३५-१' हे वाण पुढे आले. मोत्यासारखा पांढरा टपोरा दाणा, गोडसर भाकरी, भरपूर कडबा. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले आणि खरिपात 'हायब्रीड'ने उत्पादन वाढवले. पण शाळूच्या रानात मालदांडीला हटवणे कोणाला सहज जमले नाही. नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती अशी वाणे दिली, तरी बाजारात भाव सांगताना व्यापारी अजून मालदांडीचेच नाव आधी घेतो. नव्वद वर्षे टिकलेले वाण ही शेतीच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

ग्लुटेन नसण्याची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागते. गव्हाची कणीक ताणली जाते, लाटली जाते, कारण ग्लुटेनचे धागे तिला धरून ठेवतात. ज्वारीच्या पिठाला तो आधार नाही. म्हणून भाकरीचे पीठ कढत पाण्यात भिजवतात. उष्णतेने पिठातील स्टार्च फुलतो आणि गोळा बांधला जातो. तो तळहाताने जोर लावून मळायचा, परातीत थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी विस्तवावर फुगवायचा. पीठ जुने झाले की त्याची 'विरी' जाते, भाकरीला चिरा पडतात. म्हणून दळण थोडे आणि वरचेवर. आजचे कारखाने ग्लुटेनविरहित पावात झँथन गम घालून जे साधतात, ते या बायांनी कढत पाणी आणि मनगटावर साधले होते.

सोलापूरची कडक भाकरी हा याच कलेचा पुढला टप्पा. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळवली की पापडासारखी कुरकुरीत होते आणि कित्येक दिवस टिकते. प्रवासात शेंगाचटणीबरोबर याहून सोयीचे अन्न नाही. शहर तीन भाषांचे : मराठी घरात भाकरी, कन्नड घरात जोळद रोट्टी, तेलुगू घरात जोन्न रोट्टे. शब्द तीन, पीठ एक.

येथे ज्वारीचे गुणगान थांबवून एक कडू पान उलटले पाहिजे. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील गरीब ज्वारीभक्षकांमध्ये पेलाग्रा हा आजार आढळतो, याकडे लक्ष वेधले. उन्हात कातडी काळवंडणे, जुलाब, मनाचा तोल जाणे ही त्याची लक्षणे. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाशी त्याचे नाते. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाला त्यांनी दोष दिला. त्या मीमांसेवर पुढे मतभेद झाले. पण एवढे स्पष्ट झाले की नुसत्या भाकरीवर माणूस नीट जगत नाही. ज्वारीत लायसिन कमी असते. ते डाळीने, हरभऱ्याने भरून निघते. शाळूच्या रानात करडई आणि हरभऱ्याचे तास घेण्याची रीत, ताटात शेंगाचटणी, उसळ, पालेभाजी आणि ताक, हे सगळे त्या उणिवेचे उत्तर होते. ज्यांच्या ताटातून उसळ आणि ताक गेले, भाकरी तेवढी उरली, ते आजारी पडले. ग्लुटेन नाही म्हणजे अन्न पूर्ण, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

वेळ अमावस्येला सोलापूर, धाराशिव, लातूर भागातील कुटुंबे हिरव्या ज्वारीच्या रानात जेवायला जातात. त्या दिवशीच्या ताटात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, उंडे, आणि अनेक शेंगभाज्या-पालेभाज्या एकत्र करून केलेली भज्जी असते. पोषणतज्ज्ञाने योजलेले वाटावे असे ते जेवण रानाने योजले आहे.

मग गहू रोजच्या ताटात शिरला कसा? एका वाटेने तो टंचाईतून आला. हेगमध्ये टंचाईने गहू नेला. महाराष्ट्रात टंचाईने गहू आणला. १९५६ च्या पीएल-४८० करारानंतर अमेरिकी गव्हाची जहाजे लागू लागली आणि रेशनच्या दुकानातून तो गहू खेड्यात गेला. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आली आणि 'मिलो' आली. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिकडे जनावरांचे खाद्य. मालदांडी खाल्लेल्या जिभेला ती भाकरी घशाखाली उतरेना. तो अपमान एका पिढीने विसरला नाही. गंमत अशी की धान्य म्हणून तीही ज्वारीच होती. पण चव आणि मान यांचा हिशेब रसायनशास्त्राच्या वहीत होत नाही.

पुढे हरितक्रांतीचा गहू आला, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये किलो झाला. त्याच कायद्यात भरड धान्य १ रुपयाने देण्याची तरतूद होती, पण दुकानात मुख्यतः आले ते गहू आणि तांदूळ. पोळी करायला हात कमी दुखतात, मुलांच्या डब्यात ती मऊ राहते आणि भाकरीला चिकटलेला गरिबीचा शिक्काही तिला नाही. एकेकाळी सणाची असलेली पोळी रोजची झाली आणि मालदांडी गव्हाहून महाग होऊन बसली.

याचा सीलिएकशी काय संबंध? बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उत्तर भारतात या आजाराशी निगडित प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण १.२३ टक्के लोकांत, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळले. आजाराला पूरक जनुके दोन्हीकडे जवळपास सारखी होती; गव्हाचे प्रमाण मात्र फार वेगळे. ईशान्येचे आकडे या सरळ गणितात बसत नाहीत, तेथे गहू कमी असूनही प्रतिपिंडांचे प्रमाण ०.८७ टक्के निघाले. तरीही एक शक्यता मनात ठेवायला हरकत नाही : भाकरीच्या मुलखात हा आजार नव्हताच असे नाही, भाकरीने तो झाकून ठेवला असावा.

२००७ मध्ये इटलीतील नेपल्सच्या कॅरोलिना चाच्ची आणि सहकाऱ्यांनी ज्वारीचे पदार्थ सीलिएक रुग्णांना अपाय करीत नाहीत, हे प्रयोगशाळेत आणि रुग्णांवर तपासून दाखवले. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. सोलापुरात रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र आहेच.

ज्याला हा आजार आहे त्याचे जगणे मात्र घोषणांवर चालत नाही. पोटाच्या तक्रारीवर स्वतःच निदान करून गहू सोडला, तर नंतरच्या रक्ततपासणीत आजार लपून जाऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. निदान झाल्यावर पथ्य जन्मभराचे. खपली गहू 'देशी' आणि 'पचायला हलका' म्हणून विकला जातो, पण तोही गहूच आणि त्यात ग्लुटेन असते. रवा, शेवया तर उघडच; धपाट्यांत आणि थालीपीठाच्या भाजणीत गहू मिसळलेला असू शकतो; बाजारच्या बांधानी हिंगात मैदा असतो आणि तो फोडणीतून निमूट ताटात येतो. पाकिटबंद पदार्थाला 'ग्लुटेन-फ्री' म्हणण्यासाठी भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही.

आणि सर्वांत अवघड जागा म्हणजे पिठाची गिरणी. जात्यावर घरचे धान्य घरात दळले जाई. गिरणीत मात्र एकाचा गहू संपला की त्याच पाळ्यांत दुसऱ्याची ज्वारी पडते आणि आधीचे पीठ नंतरच्या डब्यात उतरते. अशा मुलाच्या घरी म्हणूनच ज्वारीपुरती वेगळी घरघंटी घेतली जाते, आणि तिच्यात गहू कधीही टाकला जात नाही.