प्रिया तेंडुलकर : ‘रजनी’च्या आधी आणि नंतर

प्रिया तेंडुलकर या मराठी-हिंदी अभिनेत्री आणि मराठी लेखिका. दूरदर्शनवरील ‘रजनी’ (१९८५) या हिंदी मालिकेने त्यांना देशभर ओळख दिली. ही ओळख इतकी पक्की बसली की त्यांचे बाकीचे काम आजही तिच्यामागे झाकले जाते.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. नाटककार विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील. ‘सखाराम बाइंडर’वरून १९७२ मध्ये वादळ उठले, तेव्हा प्रिया सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. म्हणजे लेखन आणि त्यापायी होणारा मनस्ताप, दोन्ही त्यांनी घरातच पाहिले. शाळकरी वयात गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’ नाटकात त्यांनी बाहुलीचे काम केले होते. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या पहिल्या चित्रपटात त्या अनंत नाग यांच्या पत्नीच्या भूमिकेत दिसल्या.

मात्र अभिनयावर लगेच पोट भरले नाही. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी कामे त्यांनी केली. हॉटेलातल्या दिवसांचे अनुभव पुढे ‘पंचतारांकित’ या पुस्तकात आले. ऐंशीच्या दशकात ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’, ‘मुंबईचा फौजदार’ अशा मराठी चित्रपटांतून त्या नायिका म्हणून स्थिरावल्या.

मग बासू चटर्जी यांची ‘रजनी’ आली. रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी. प्रत्येक भागात ती एखाद्या रोजच्या अन्यायाला भिडायची : गॅसचे सिलिंडर देताना अडवणूक करणारा वितरक, भाडे नाकारणारा टॅक्सीवाला, टोलवाटोलवी करणारा कारकून. गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा तो काळ आणि घरोघरी दिसणारी वाहिनी एकच. त्यामुळे काउंटरवर आवाज चढवणारी ही बाई प्रेक्षकांना आपल्या वतीने भांडते आहे असे वाटले. टॅक्सीवाल्यांवरील भागानंतर तर मुंबईत टॅक्सीचालकांनी निषेध केला. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याचे श्रेय कधीकधी मालिकेलाही दिले जाते, पण ते जरा जास्तच होते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करत होती. मालिकेने त्या चळवळीची भाषा घराघरात नेली, एवढे नक्की म्हणता येईल.

रजनीच्या पतीची भूमिका करणारे करण राझदान यांच्याशी १९८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. काही वर्षांनी ते विभक्त झाले. दरम्यान वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेतही त्यांनी प्रमुख भूमिका केली. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्यावर ‘प्रिया तेंडुलकर शो’ सुरू झाला. सामाजिक प्रश्नांवर लोकांना थेट बोलते करणाऱ्या या कार्यक्रमात प्रेक्षकांना रजनीच पुन्हा भेटली.

त्या प्रतिमेला छेद दिला तो ‘हम पांच’ने. अशोक सराफ यांच्या दिवंगत पहिल्या पत्नीची ही भूमिका त्यांनी जवळजवळ सगळी भिंतीवरच्या तसबिरीतून केली. अंगविक्षेपाला जागाच नव्हती. टोमणा मारायचा तो चेहऱ्याने आणि आवाजाने. विनोदाची त्यांची नेमकी जाण इथे दिसते.

लेखन मात्र मराठीतच राहिले. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ ही त्यांची आणखी दोन पुस्तके. कर्करोगाशी झुंज देत असतानाच १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या.