बर्फाळ समुद्रात तेल कसं शोधतात? आणि इनुइट गावाने हे काम कसं थांबवलं?

मुंबई हायचं तेल नुसत्या नशिबाने सापडलेलं नाही. 1960च्या दशकात सोव्हिएत जहाजाने समुद्राखालच्या खडकांची पाहणी केली, मग 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे पहिली विहीर खोदली. आर्क्टिकमध्येही पाहणीची पद्धत तीच आहे. अडचण बर्फाची.

सर्वेक्षण जहाज आपल्यामागे एअरगन ओढतं. त्यातून दर काही सेकंदांनी दाबाखालची हवा धडाक्याने सुटते. तो आवाज समुद्रतळाखालच्या थरांवर आपटून परततो आणि जहाजामागच्या केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोनच, तो टिपतात. एकेक केबल 8 किलोमीटरचीही असते. चामोर्शीहून मार्कंडादेव साधारण तेवढंच लांब! एवढं शेपूट घेऊन जहाज झटकन वळू शकत नाही आणि तरंगता बर्फ केबल तोडू शकतो. त्यामुळे जहाजाचा सांगाडा मजबूत केलेला असतो, केबल बर्फाच्या खाली खोल ठेवतात आणि बर्फ दाट असेल तर पुढे आइसब्रेकर चालतं.

बर्फ घटतोय, तसे हे सागरी मार्ग उन्हाळ्यात अधिक खुले होत आहेत. 2013 मध्ये ‘पोलारकस अलिमा’ हे सर्वेक्षण जहाज रशियाच्या उत्तरेकडच्या मार्गाने पॅसिफिकमध्ये उतरलं.

कॅनडाच्या बाजूला मात्र अडथळा वेगळाच निघाला. वायव्य मार्गाच्या पूर्वेकडच्या तोंडाशी बॅफिनचा उपसागर आहे. तिथे पाच वर्षं सर्वेक्षण करायला 2014 मध्ये परवानगी मिळाली. किनाऱ्यावरच्या क्लाइड रिव्हर या इनुइट गावाने विचारलं, या आवाजाने नारव्हाल आणि सील दूर गेले तर आम्ही खायचं काय? कंपन्यांच्या प्रतिनिधींना नीट उत्तर देता आलं नाही. नंतर जवळपास 4 हजार पानांचा दस्तऐवज आला. त्यातला अगदी थोडा भाग इनुक्टिटुट भाषेत होता, आणि गावात इंटरनेट इतकं मंद की तो उघडणंच मुश्कील.

2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखाच्या गडचिरोली जिल्ह्याला हा वाद परका वाटणार नाही. आपल्या भाषेत नसलेला कागद दाखवला, म्हणजे गावाला विचारलं असं होतं का?

26 जुलै 2017 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हणत परवानगी रद्द केली. याचा अर्थ गावाला नकाराधिकार मिळाला असा नाही. त्याच दिवशी एका तेलवाहिनीच्या खटल्यात, सल्लामसलत पुरेशी झाली म्हणून, न्यायालयाने दुसऱ्या एका आदिवासी समुदायाचं अपील फेटाळलं.