भिंती जाड कशासाठी?

पारोळ्याचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला, असे सांगतात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्याची मोडतोड केली. सहलीला नेलेली मुले हमखास विचारतात, "भिंती एवढ्या जाड कशासाठी?" "तोफांसाठी," असे सांगून आपण मोकळे होतो. उत्तर खरे आहे, पण अर्धेच. युरोपात अकराव्या-बाराव्या शतकांत रोमनेस्क शैलीची चर्चे बांधली गेली, तेव्हा तोफा नव्हत्याच. तरी तिथल्या भिंती जाड आणि खिडक्या लहान.

वर्गात एक पोस्टकार्ड वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये कमानीसारखे बसवा. वरून बोटाने दाबा. पुस्तके बाजूला सरकतात! कमान भार नुसता खाली देत नाही, बाहेरही ढकलते. आता जड शब्दकोश लावून पाहा. जाड भिंत म्हणजे हा शब्दकोश. तिच्यात मोठी खिडकी पाडली की तिचे वजन कमी होते, म्हणून चर्चमध्ये अंधार. जर्मनीतील श्पायरच्या चर्चचे १०६१ मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा मधल्या उंच दालनावर सपाट लाकडी छतच होते. दगडी घुमटाकार छत पुढच्या पिढीने चढवले. फ्रान्समध्ये क्लुनीच्या भव्य चर्चच्या छताचा काही भाग ११२५ मध्ये कोसळला. हिशेब सोपा नव्हता.

त्याच सुमारास, १०६० मध्ये, आपल्याकडे अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. खानदेशात बळसाण्याची देवळेही याच पद्धतीची: खांब, त्यावर दगडी तुळया, आणि छतासाठी दगडाचा प्रत्येक थर थोडा पुढे सरकवलेला. इथे बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ नाही. मात्र दगड दाब सोसतो, ताण नाही; लांब तुळई खालच्या बाजूने तडकते. म्हणून खांब जवळजवळ, आणि मंडपात दाटी. एक पद्धत पुढारलेली व दुसरी मागासलेली, असे आम्हांला वाटत नाही. एकीने भिंतीत दगड घातला, दुसरीने खांबांत.

खरी कमान आपल्याकडे सरसकट रुळली ती चौदाव्या शतकापासून, सुलतानी अमलात, चुन्याच्या बांधकामाबरोबर. पारोळ्याचे गवंडी त्याच परंपरेतले. पुढच्या सहलीत मुलांना, जरा दुरूनच, एवढे शोधायला सांगावे: जिथे बाजूची भिंत ढासळली आहे, तिथे कमान किती शिल्लक आहे?