दारूगोळ्याची टंचाई : औरंगाबाद परिसर

बंदूक किंवा तोफ बाळगणाऱ्यास तिच्यासाठी लागणारी दारू, गोळी, टोपी वा काडतूस पुरेशा प्रमाणात अथवा परवडेल अशा किमतीस न मिळणे, या स्थितीस दारूगोळ्याची टंचाई म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व त्याच्या परिसराच्या इतिहासात ही टंचाई निरनिराळ्या रूपांत दिसते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे गाव औरंगजेबाच्या दक्षिणेच्या दुसऱ्या सुभेदारीत औरंगाबाद झाले व २०२३ मध्ये त्याचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. या काळात तेथील शस्त्रे बदलली, सत्ता बदलल्या. तथापि दारूगोळ्याच्या बाबतीत हा प्रदेश बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून राहिला आणि हे परावलंबन कमी न होता वाढतच गेले.

हत्यारे घडविण्याची कला दख्खनला अपरिचित नव्हती. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. अडचण होती ती तोफेत भरावयाच्या मालाची. काळ्या दारूचे घटक तीन : सोरा, कोळसा व गंधक. कोळसा जंगलातून मिळे. जुन्या गावठाणांची व गोठ्यांची खारवट माती पाण्यात भिजवून आणि ते पाणी आटवून सोरा काढीत. गंधक मात्र दख्खनच्या बेसाल्टी पठारावर मिळत नाही. तो समुद्रमार्गे इराणी आखाताकडून येई. गोळ्या ओतण्यासाठी लागणारे शिसेही बव्हंशी किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांकडून, पुढे युरोपीय वखारींकडून, घ्यावे लागे. म्हणजे ज्या वस्तूंवाचून बंदूक निरुपयोगी ठरते, त्यांपैकी दोन घाटाखालून बैलांच्या पाठीवरून येत. वाट अडली, जकात वाढली किंवा बंदरावरील सत्ता शत्रूच्या बाजूस गेली की, भाव चढत. वखारवाल्यांचा माल नेहमीच तटस्थ नसे. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्यास वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याला दारूगोळा पुरविला. त्याची किंमत त्यांना पुढे शिवाजी महाराजांच्या राजापूरवरील स्वारीत मोजावी लागली.

दौलताबादचा १६३३ चा वेढा या दृष्टीने उद्बोधक आहे [⟶ दौलताबाद]. महाबतखानाच्या मोगल फौजेने किल्ला वेढला. आत मलिक अंबरचा मुलगा फतहखान आणि अल्पवयीन निजामशहा होते, तर बाहेरून शहाजीराजे व विजापूरचे सरदार मोगलांच्या रसदेवर छापे घालीत होते. या संघर्षाचे स्वरूप खऱ्या अर्थाने तांड्यांच्या लढाईचे होते. धान्य, खजिना व बारूद घेऊन येणारे बैलांचे तांडे छावणीपर्यंत सुखरूप पोहोचविण्यासाठी मोगलांना मोठ्या फौजा सोबत पाठवाव्या लागल्या. तट उडविण्यासाठी खणलेल्या सुरुंगांना दारू फार लागे. एका सुरुंगात जाणाऱ्या दारूत अनेक बंदुकांचा दीर्घकाळचा खर्च भागला असता. मोगलांचे तांडे पोहोचले, किल्ल्याकडे निघालेली रसद बहुतांशी अडविली गेली आणि जून १६३३ मध्ये दौलताबाद पडले. देशातील अभेद्य मानल्या गेलेल्या या किल्ल्यास तोफांपेक्षा तुटलेल्या रसदेने नमविले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

औरंगजेब १६८२ मध्ये औरंगाबादेस आला, त्याच वर्षी नासिकजवळील रामसेज किल्ल्यास मोगलांचा वेढा पडला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. शिबंदीने झाडांची खोडे पोखरून व त्यांवर कातडे चढवून लाकडी तोफा केल्या आणि त्यांनी मारा केला, असे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. मराठ्यांनी हा किल्ला सु. पाच वर्षे लढविला. या हकिकतीत कौतुकाचा भाग सोडला तरी एक गोष्ट स्पष्ट होते : तोफेला लाकडाचा पर्याय निघाला; दारूला तसा पर्याय नव्हता. म्हणूनच साठा जपण्याला मराठी राज्यव्यवहारात मोठे महत्त्व होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण ठरावीक दिवसांनी उन्हात टाकून वाळवावेत, अशा आशयाच्या सूचना आहेत. सोरायुक्त दारू हवेतील ओल शोषून घेते व सह्याद्रीच्या पावसाळ्यात ती निकामी होते. तेव्हा कोठारातील दारू सादळली, तरी टंचाई ओढवत असे.

या काळात खेड्यातील बंदूकधारकाची स्थिती एका बाबतीत बरी होती. पाटील, देशमुख, शिलेदार वा अजिंठ्याच्या डोंगरातील भिल्ल यांच्याजवळ असलेली तोड्याची बंदूक स्थानिक लोहार दुरुस्त करी. गोळ्या घरच्या साच्यात ओतता येत; शिसे न मिळाल्यास लोखंडाचे तुकडे वा खडेही ठासले जात. दारू ओबडधोबड असली तरी ती जवळपास तयार होई. महागाई आली म्हणजे बार जपून काढावयाचा, इतकाच त्याचा अर्थ असे. चकमकीच्या बंदुकीने यात फारसा फरक पडला नाही. टोपीच्या बंदुकीने मात्र पडला. टोपीतील स्फोटक रसायन गावात बनविण्याजोगे नव्हते, म्हणून चिमूटभर वजनाच्या त्या तांब्याच्या टोपीसाठी शहराच्या दुकानाकडे पाहावे लागू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाची बंदूक आली आणि गोळी, दारू व टोपी ही तिन्ही एकाच पितळी कोशात बंद झाली. बंदूकधारकाच्या हाती स्वतः करण्यासारखे जवळजवळ काहीच उरले नाही. छर्ऱ्याची वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याची प्रथा काही काळ टिकली, परंतु तीही टोपी व दारू विकत मिळण्यावर अवलंबून होती. शस्त्रास्त्रांच्या इतिहासात या बदलाचे वर्णन अचूकतेच्या व वेगाच्या दृष्टीने केले जाते. बंदूक बाळगणाऱ्याच्या दृष्टीने पाहता तो स्वावलंबनाचा शेवट होता.

हाच काळ शस्त्रनियंत्रणाचाही होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० व १८७८ चे शस्त्र कायदे झाले. औरंगाबाद निजामाच्या राज्यात असल्याने तेथे हे कायदे आपोआप लागू होत नव्हते. तथापि काडतुसे ब्रिटिश बंदरांतून व ब्रिटिश मुलखातूनच येत, त्यामुळे निर्बंधांचा परिणाम टळत नव्हता. निजामाच्या राज्यात त्यापूर्वी मुस्या रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हैदराबादेस तोफांचा कारखाना चालला होता. १७९८ च्या तैनाती फौजेच्या करारानंतर फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या व या क्षेत्रातील राज्याचे स्वातंत्र्य संपत गेले. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. औरंगाबादचे मूळ नावही खडकीच. एका खडकीतील बंदुकांची काडतुसे पुढे दुसऱ्या खडकीहून यावीत, हा केवळ नामसाधर्म्याचा योग होय. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ·४५० मापाच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घातली. तिचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, हा तिचा उद्देश होता. त्यामुळे इंग्लंडातील कारखानदारांना ·४७० सारखी नवी मापे काढावी लागली. लष्कराचे ·३०३ हे मापही खाजगी धारकांस वर्ज्य होते. बंदुकीऐवजी तिच्या काडतुसाचे माप आवळण्याचे हे धोरण शासनाला सोयीचे होते.

मनमाड–औरंगाबाद–जालना हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाल्यावर या परिसराचा बहुतेक बाहेरचा माल मनमाडवरून येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात विलायती शिकारी काडतुसांची आवक रोडावली. त्याहून तीव्र टंचाई १९४७–४८ मध्ये आली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतरही भारत सरकार शस्त्रे व दारूगोळा देत नाही, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. तर रझाकारांच्या अत्याचारांमुळे तो देणे भारत सरकारला मान्य नव्हते. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ च्या उन्हाळ्यानंतर कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रे आणली. हा मार्ग खर्चिक होता व त्याने गरजेचा अल्पसा भागच पुरा झाला. रझाकारांच्या मोठ्या संख्येकडे भाले, तलवारी व ठासणीच्या बंदुकाच होत्या. सरहद्दीवरील मनमाड, बार्शी, उमरखेड इ. ठिकाणच्या छावण्यांतील मुक्तिसैनिकांची स्थितीही याबाबत चांगली नव्हती. दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडलेल्या खेड्यांना तर संरक्षणासाठी हाती लागेल ते वापरावे लागले. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. मेजर जनरल डी. एस्. ब्रार यांच्या फौजा दुसऱ्या दिवशी औरंगाबादेत शिरल्या व मुलकी अधिकाऱ्यांनी शहर स्वाधीन केले. जालना येथे काहीसा कडवा प्रतिकार झाला. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अंमलात आला. एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घ्यावयाची, हे परवान्यावरच नोंदविलेले असते. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा उपयोग संपला. पीकरक्षण व आत्मरक्षण ही परवान्याची प्रमुख कारणे उरली. १९८० नंतरच्या दशकात शस्त्रांची खाजगी आयात बंद झाली, त्याचा फटका जुन्या विलायती रायफलींच्या धारकांस विशेष बसला. त्यांच्या मापाची काडतुसे देशात तयार होत नव्हती. शिल्लक असलेली हातोहात महाग झाली व वाडवडिलांची मौल्यवान रायफल परवान्यावरील नोंदीपुरती राहिली. १२ बोअरची व ·३१५ मापाची काडतुसे सरकारी कारखान्यांतून मिळत राहिली. परंतु उत्पादक एकच आणि लष्कर, पोलीस यांची मागणी अग्रक्रमाची असल्याने खाजगी दुकानदाराकडे माल अनियमित येई व भावात घासाघीस करण्यास जागा नसे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यावर खडकीचा कारखाना पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खाजगी उत्पादनासही वाट करून दिली. जगातही या वस्तूची चणचण नवी नाही. अमेरिकेत २०२०–२१ मध्ये काडतुसांची दुकाने रिकामी पडली. २०२२ नंतर युक्रेनमधील युद्धामुळे धूरविरहित दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजाचा तुटवडा युरोपभर जाणवला. सतराव्या शतकात गंधकाची जी स्थिती होती, तीच येथे नायट्रोसेल्युलोजाची झाली.

कन्नड व सोयगाव तालुक्यांतील डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यास रानडुकरे व नीलगाय यांचा उपद्रव सोसावा लागतो. पीकरक्षणाचा परवाना जवळ असला, तरी प्राण्यावर बार टाकण्यास वन खात्याची वेगळी परवानगी लागते, निवडणुकीच्या काळात बंदूक बहुधा ठाण्यात जमा करावी लागते आणि काडतुसासाठी शहरातील परवानाधारक दुकान गाठावे लागते. अनेकांनी बंदुकीऐवजी फटाके, तारेचे कुंपण व रात्रीची राखण हेच उपाय चालू ठेवले आहेत.