सन १९४२ ची सैन्यांतील कावीळ व रक्तदात्यांची परीक्षा

रोगांतून उठलेला मनुष्य त्या रोगापासून सर्वस्वीं मुक्त झाला, हा समज फार जुना आहे. रक्त देणाऱ्याच्या बाबतींत तो किती घातक ठरतो, याचा निर्णायक पुरावा अमेरिकन सैन्याच्या इतिहासांत मिळतो. तो आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

इ. स. १९४२ मध्यें त्या सैन्यांतील सुमारें ५०,००० लोकांस कावीळ झाली. त्यांस पीतज्वराची लस टोंचलेली होती. लस टिकावी म्हणून तींत मानवी रक्तद्रव मिसळीत. हा रक्तद्रव बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेंतील दात्यांचा होता, व त्यांपैकीं कांहींस पूर्वीं कावीळ होऊन गेल्याचें मागाहून आढळलें. दाते दिसण्यांत निरोगी होते. त्यांच्या रक्तांतील हा दोष ओळखण्याचें साधन तेव्हां नव्हतें. पीतज्वराची लस टोंचल्यावर कावीळ होते, असें फिंडले व मॅकॅलम यांनीं इंग्लंडांत १९३७ सालींच प्रसिद्ध केलें होतें. तरी रक्तद्रवविरहित लस १९४२ च्या एप्रिलांतच सुरू झाली.

लशीच्या प्रत्येक खेपेस क्रमांक असे. त्यामुळें दोष ठराविक खेपांकडे आहे हें उघड झालें. ब्लुंबर्ग यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांतून या काविळीच्या विषाणूची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची, ओळख पुढें पटली. मग १९८५ सालीं ५९७ जुन्या सैनिकांचें रक्त तपासण्यांत आलें. बाधेची खूण दोषी लस घेऊन कावीळ झालेल्यांपैकीं शेंकडा ९७ जणांत, तीच लस घेऊन निरोगी राहिलेल्यांपैकीं ७६ जणांत, व रक्तद्रवविरहित लस घेतलेल्यांपैकीं केवळ १३ जणांत मिळाली. यावरून एकंदर बाधितांची संख्या सुमारें ३,३०,००० असावी, असा अंदाज निघाला.

यांतील मधला आंकडा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यास कावीळ झालीच नाहीं, तो विचारल्यावर प्रामाणिकपणें 'नाहीं' असेंच सांगणार. म्हणून दात्याची जबानी आवश्यक असली तरी पुरेशी नाहीं. पोथीच्या मालकाची हकीकत ऐकून घेऊनहि संशोधक कागद व अक्षर स्वतः पारखतो. येथेंहि तोच न्याय. आज भारतांत दान केलेलें प्रत्येक रक्त हिपॅटायटिस बी व सी, एड्सचा विषाणु, उपदंश व हिंवताप यांसाठीं तपासावें लागतें.

क्रमांकांच्या त्या नोंदी जपल्या गेल्या नसत्या, तर चार दशकांनीं हा निर्णय लागला नसता. दफ्तरें राखणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.